'स्कॉट-फ्री' सुटणे म्हणजे नेमकं काय? मराठीत कसं आणायचं?

अनुवादिनी

नमस्कार मंडळी. मी सबटायटल्सचं काम करते, बहुतेक इंग्रजी माहितीपट मराठीत आणायचे असतात. सध्या हातात २००८ च्या अमेरिकेतल्या मंदीवरचा एक माहितीपट आहे. त्यात एक बाई स्वतःच्या जप्त झालेल्या घरासमोर उभी राहून बोलते, माझं घर गेलं, नोकरी गेली, 'अँड दे गॉट ऑफ स्कॉट-फ्री'. दे म्हणजे मोठ्या बँकांचे वरचे साहेब लोक. आता ह्या स्कॉट-फ्रीचं काय करायचं ह्यावर आमच्या टीममध्ये परवापासून नुसता काथ्याकूट चालू आहे.

एकजण म्हणतो स्कॉटलंडचे लोक चिक्कू म्हणून प्रसिद्ध, त्यावरून हे आलंय, म्हणजे त्यांचा अपमान होतो, सांभाळून वापरा. दुसरी म्हणते छे, अमेरिकेत ड्रेड स्कॉट नावाचा एक गुलाम होता, त्याचा खटला गाजला आणि तो सुटला, म्हणून स्कॉट-फ्री. आणि जे शेवटचं चेकिंग करतात त्यांचं म्हणणं, एवढं कशाला डोकं लावताय, 'ते निर्दोष सुटले' लिहा, सगळ्यांना कळतं.

मला ते 'निर्दोष' काही केल्या पटत नाहीये. त्या बाईचा आवाज कापतोय, डोळ्यात राग आहे, आणि खाली पट्टीवर 'ते निर्दोष सुटले' आलं तर तिनेच त्यांना क्लीन चिट दिली असं वाटेल. तर कुणी सांगेल का की हा शब्द मुळात आला कुठून, कोर्टात सुटलेल्या माणसालाच वापरतात की कुणालाही, आणि जो खरंच निर्दोष आहे त्याच्याबद्दल वापरला तर चालतो का? मराठीत काही चपखल असेल तर तेही सांगा, जागा फार कमी असते, दोन छोट्या ओळी.

सातारचे_मास्तर

अनुवादिनीताई, तुमचा कान बरोबर आहे, तिथे 'निर्दोष' अजिबात घालू नका. बाकी नंतर सांगतो, आधी त्या दोन गोष्टी निकालात काढू.

स्कॉटलंडशी ह्याचा काडीचा संबंध नाही. देशाचं नाव 'स्कॉटी' नावाच्या लोकांवरून आलं, ते वेगळं. हा स्कॉट म्हणजे जुन्या नॉर्स भाषेतला, म्हणजे व्हायकिंग लोकांच्या भाषेतला शब्द, अर्थ आपल्या वाट्याला आलेले पैसे, वर्गणी, कर. आपल्याकडे घरपट्टी पाणीपट्टी म्हणतो ना, त्यातली जी 'पट्टी' ती म्हणजे स्कॉट. स्कॉट-फ्री म्हणजे ज्याला पट्टी माफ आहे तो. इंग्लंडचा राजा एडवर्ड द कन्फेसर, जो १०६६ साली वारला, त्याच्या नावाच्या सनदेत ही जमीन स्कॉट-फ्री आहे अशा अर्थाचा शब्द येतो. आपल्या इनामी जमिनींच्या सनदा ज्यांनी वाचल्यात त्यांना ही भाषा लगेच ओळखीची वाटेल, अमुक बाब माफ, तमुक पट्टी माफ. म्हणजे सुरुवातीला त्यात गुन्हा नाही, शिक्षा नाही, पळून जाणं तर नाहीच, निव्वळ महसूल खात्याचा शब्द.

पुढे इंग्लंडमधल्या गावांत 'स्कॉट अँड लॉट' नावाचा स्थानिक कर असायचा आणि काही मतदारसंघांत तो भरणाऱ्या घरमालकालाच पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता यायचं, लंडनमधलं वेस्टमिन्स्टर त्यातलंच. १८३२ च्या सुधारणा कायद्याने मताधिकाराची ही सगळी रचना बदलली. म्हणजे स्कॉट भरणं हे नागरिक असल्याचं लक्षण होतं आणि न भरणारा हा फुकट्या, हा रंग शब्दाला तेव्हापासून चढत गेला असावा असं मला वाटतं.

आणि खानावळीतलं बिल पण स्कॉटच, त्याचा उच्चार 'शॉट' पण व्हायचा. चारजण दारू प्यायले तर प्रत्येकाच्या वाट्याचे पैसे म्हणजे त्याचा शॉट. आपल्या कॉलेजच्या पोरांचं टीटीएमएम असतं, तू तुझं मी माझं, आणि त्यात एकजण बिल यायच्या वेळी बरोब्बर हात धुवायला जातो, तो खरा स्कॉट-फ्री. शेक्सपियरने हेन्री चौथा नाटकात फॉलस्टाफच्या तोंडी ह्यावर कोटी केलीय, भर रणांगणात तो म्हणतो की लंडनला मी शॉट न देता सुटायचो पण इथल्या शॉटची मला भीती वाटते, एक शॉट बिलाचा आणि दुसरा गोळीचा. स्पॅनिशमध्ये आजही सगळ्यांनी आपापला वाटा भरण्याला 'अ एस्कोते' म्हणतात, फ्रेंचमध्ये वाट्याला 'एको', हे सगळे एकाच घराण्यातले शब्द.

आता ड्रेड स्कॉट. ही गोष्ट मला मनापासून खटकते कारण ती त्या माणसावर अन्याय करते. ड्रेड स्कॉट सुटला नव्हता, हरला होता. ६ मार्च १८५७ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ असा निकाल दिला की काळा माणूस अमेरिकेचा नागरिकच होऊ शकत नाही, मग तो कोर्टात दाद मागणार कशी. अमेरिकन कोर्टाच्या इतिहासातला सगळ्यात लाजिरवाणा निकाल म्हणून तो शिकवला जातो. त्याच वर्षी नंतर मालकी हक्क बदलून त्याला मुक्त केलं गेलं पण ते कोर्टामुळे नाही, आणि पुढच्याच वर्षी तो क्षयाने गेला. वर्षानुवर्षं लढून हरलेल्या माणसाचं नाव काही न भोगता सुटण्याला जोडायचं हे बरोबर नाही, टीममध्ये जरूर सांगा. शिवाय त्याच्या आडनावात शेवटी दोन टी आहेत, स्कॉट-फ्रीमध्ये एकच, आणि मध्ये आडवी रेघ. पोरं पेपरात दोन टी लिहितात ते ह्याच गैरसमजामुळे.

केंटकर

मास्तर, मस्त प्रतिसाद. ह्यात आमच्या भागातलं थोडं घालतो. मी इंग्लंडमध्ये केंटला राहतो आणि आमच्या दक्षिणेला रॉमनी मार्श म्हणून मोठा सपाट दलदलीचा प्रदेश आहे, समुद्र मागे हटवून मिळवलेली जमीन. भरतीच्या वेळी बरीचशी जमीन समुद्राच्या पातळीच्या खाली असते. डिमचर्चला समुद्राच्या भिंतीवर उभं राहिलं तर एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला पाण्यापेक्षा खाली असलेली घरं दिसतात, पहिल्यांदा बघताना पोटात गोळा येतो. मधून सगळीकडे चर खणलेत, कुंपण म्हणून पण तेच, आणि त्यात मेंढ्या. कोकणात खारजमिनीचे बांध ज्यांनी बघितलेत त्यांना सांगायला नको की एका ठिकाणी बांध फुटला की खारं पाणी सगळ्यांच्याच शेतात, त्यामुळे बांधाची डागडुजी हे एकट्यादुकट्याचं काम नाही.

तर ती भिंत आणि ते चर सांभाळायला मार्शमधल्या जमिनींवर जो कर बसायचा त्याचं नावच स्कॉट. १२५२ साली तिसऱ्या हेन्री राजाने इथल्या पंचमंडळींना तशी सनद दिली होती, ज्याची जमीन त्याने वाटा द्यायचा. आता इथले लोक अभिमानाने सांगतात की जे वर टेकडीवर राहायचे, ज्यांना पुराची भीती नव्हती, त्यांना हा कर नव्हता, ते स्कॉट-फ्री, आणि म्हणून हा वाक्प्रचार आमच्याच गावचा. ऐकायला छान आहे, पण मास्तरांनी सनदेचं जे सांगितलं त्यावरून शब्द एडवर्डच्या काळापर्यंत मागे जातो आणि मार्शची सनद त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षं नंतरची. शब्द देशभर होता, इथल्या लोकांनी तो जास्त काळ जिवंत ठेवला एवढंच म्हणता येईल.

वापराबद्दल सांगतो कारण रोज कानावर पडतं. इथे गेट ऑफ, गेट अवे, गो, वॉक, एस्केप अशा क्रियापदांनंतर येतो. 'स्कॉट-फ्री माणूस' असं नामाच्या आधी कुणी म्हणत नाही. आणि कोर्टच लागतं असं मुळीच नाही. ऑफिसात एका टीमने घोळ घातला, ज्युनिअर पोराला झापलं आणि मॅनेजरला कुणी हूं की चूं केलं नाही की लंचला लोक म्हणणार मॅनेजर स्कॉट-फ्री सुटला. फुटबॉलमध्ये धडधडीत फाऊल करून कार्ड नाही मिळालं तरी हेच. पण दरवेळी बोलणाऱ्याच्या मनात एक गोष्ट पक्की असते, ह्याचं काहीतरी देणं लागत होतं आणि ते ह्याने दिलं नाही. त्यामुळे जो खरंच निर्दोष आहे त्याच्याबद्दल हा शब्द तोंडातून गेला तर तो सरळ आरोप होतो.

वकील_नाशिक

वर शेवटी जे लिहिलंय ते अधोरेखित करायला आलो. आमच्या धंद्यात 'सुटला' ह्या एका शब्दाखाली किती वेगवेगळ्या गोष्टी येतात ते लोकांना माहीत नसतं आणि बातम्यांत सगळ्याचा लगदा होतो. खटला पूर्ण चालून कोर्टाने सांगितलं की गुन्हा शाबीत नाही, तर निर्दोष मुक्तता. खटला उभा राहण्याइतकंही काही नाही म्हणून आरोप ठेवण्याआधीच नाव वगळलं तर पेपरवाले दोषमुक्त लिहितात. संशयाचा फायदा देऊन सोडलं ही निर्दोष सुटकाच, पण गावात त्याचा अर्थ लोक आपल्या मनाने लावतात. जामीन मिळाला तर तो सुटला नाहीच, तारखांना येत राहणार. ह्यातल्या एकालाही स्कॉट-फ्री हा पर्याय नाही, कारण ह्या सगळ्या कोर्टाने दिलेल्या गोष्टी आहेत आणि स्कॉट-फ्री हे ऐकणाऱ्या बघणाऱ्या माणसाचं मत आहे.

मग बसतो कुठे, तर माफीचा साक्षीदार घ्या. गुन्ह्यात होता, स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, बाकीच्यांविरुद्ध साक्ष दिली आणि कायद्याने त्याला माफी मिळाली. बाकी सगळे आत आणि हा घरी. फिर्यादीच्या घरचे त्याच्याकडे बघून जे म्हणतात ते स्कॉट-फ्री. किंवा साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि ज्याने केलं हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे तो हार घालून मिरवत गेला, तिथे बसतो.

आणि ताई, हे कामाचं सांगतो. कोर्टाने निर्दोष सोडलेल्या एखाद्या जिवंत, नाव घेतलेल्या माणसाबद्दल तुम्ही स्वतःच्या निवेदनात 'मोकाट सुटला' लिहिलं तर तो बदनामीची केस टाकू शकतो, आता ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली येतं. पीडित बाई बोलतेय आणि तिचं बोलणं तुम्ही मराठीत देताय तिथे ते तिचं मत आहे, फरक पडतो. निवेदकाच्या तोंडी असेल तर मूळ इंग्रजीत खरंच स्कॉट-फ्री आहे की 'ॲक्विटेड', म्हणजे कोर्टाने निर्दोष सोडलेला, आहे हे कान देऊन ऐका.

रानवाट

मला ह्या बाईच्या वाक्यात अजून एक गोष्ट दिसते. ती म्हणते 'दे', ती माणसांबद्दल बोलते, बँकांबद्दल नाही. बँकांनी तर दंड भरले आणि थोडेथोडके नाही, जेपी मॉर्गनने २०१३ मध्ये १३ अब्ज डॉलरची तडजोड केली, बँक ऑफ अमेरिकाने २०१४ मध्ये साडेसोळा अब्जांच्या वर. म्हणजे स्कॉट भरला गेला, मास्तरांच्या अर्थाने बघितलं तर पट्टी वसूल झाली. पण ती गेली कंपनीच्या तिजोरीतून, म्हणजे शेअरहोल्डरच्या खिशातून. ज्यांनी ती कर्जं वाटली आणि बोनस घेतले त्या वरच्या लोकांपैकी तुरुंगात जवळपास कुणीच गेलं नाही. पट्टी भरली गेली तरी ज्याने भरायला हवी होती त्याने भरली नाही, तिचा राग तो आहे.

आणि हे आपल्याला कुणी अमेरिकेतून शिकवायची गरज नाही. भोपाळ आठवा. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र. युनियन कार्बाइडचा अध्यक्ष वॉरन अँडरसन ७ डिसेंबरला भोपाळला आला, अटक झाली, त्याच दिवशी जामीन झाला, सरकारी विमानाने दिल्ली आणि तिथून देशाबाहेर. पुन्हा कधी परत आला नाही. १९८९ साली कंपनीने ४७ कोटी डॉलर भरून तडजोड केली. १९९२ मध्ये कोर्टाने अँडरसनला फरारी घोषित केलं. ७ जून २०१० ला भोपाळच्या कोर्टात निकाल लागला तो भारतीय अधिकाऱ्यांविरुद्ध, दोन वर्षांची शिक्षा, आणि त्यांनाही लगेच जामीन. अँडरसन २०१४ मध्ये अमेरिकेत म्हातारपणाने गेला, खटल्याला एकदाही उभा न राहता. त्याला कुणी निर्दोष ठरवलं नाही, दोषी पण ठरवलं नाही, त्याच्यापर्यंत न्याय पोचलाच नाही. भोपाळच्या बायका हातात फोटो घेऊन वर्षानुवर्षं दिल्लीपर्यंत चालत गेल्या त्या ह्यासाठी. इंग्रजी पेपरांत अँडरसनच्या बाबतीत स्कॉट-फ्री वाचलं की मला तो शब्द पुरेपूर भरलेला वाटतो.

मराठीत आपल्याकडे सुटण्यापळण्याचे शब्द रग्गड आहेत पण प्रत्येकाची जागा वेगळी. हातावर तुरी देऊन पळाला म्हणजे पकडणाऱ्याला चकवलं, त्यात चपळाई आहे, इंग्रजीत त्याला 'गिव्ह द स्लिप'. पोबारा केला, धूम ठोकली, हे नुसतं पळणं. स्कॉट-फ्री माणसाला पळावं लागत नाही, तो तिथेच खुर्चीत बसलेला असतो! सहीसलामत सुटला ह्यात ऐकणाऱ्याला बरं वाटतं, अपघातातून सुटावं तसं. काखा वर केल्या म्हणजे जबाबदारी नाकारली, पुढे शिक्षा झाली की नाही ते कळत नाही. जवळ येतात ते नामानिराळा राहिला, केसालाही धक्का लागला नाही, आणि मोकाट. त्यातला मोकाट मला बँकेच्या साहेबांना नको वाटतो, मोकाट म्हटलं की गुंड डोळ्यासमोर येतो. आणि चोर सोडून संन्याशाला फाशी ही तर तिची आख्खी गोष्टच आहे, पण सबटायटलमध्ये मावणार नाही आणि अमेरिकन बाईच्या तोंडी संन्यासी कसा घालणार.

श्रीवर्धनचा

थोडा वेगळा मुद्दा. सगळे म्हणताय दोष असलाच पाहिजे, पण डिक्शनरीत 'शिक्षा किंवा इजा न होता' असं दोन्ही असतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा दिवेआगर श्रीवर्धनच्या नारळी पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, माझ्या काकांच्या वाडीत सकाळी उभी असलेली सुपारी संध्याकाळी काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशी पडलेली, आणि मुंबईला ज्याची भीती होती ते त्या मानाने काहीच झालं नाही. तेव्हा परदेशातल्या एका मित्राने मेसेज केला होता, 'मुंबई एस्केप्ड स्कॉट-फ्री'. मुंबईचा काय दोष होता? मग हे चूक म्हणायचं का?

केंटकर

चूक नाही म्हणता येणार, 'एस्केप'बरोबर हा दुसरा अर्थ चालतो, झळ न लागता. साथीचा आजार, वादळ, मंदी ह्यांच्याबाबतीत येतो कधी कधी. पण आता अशा ठिकाणी 'अनस्केद्ड' किंवा 'स्पेअर्ड' जास्त ऐकू येतं, आणि स्कॉट-फ्री आला तर त्यात एक तुलना दडलेली असते, दुसऱ्या कुणालातरी झळ लागली आणि ह्याला नाही. तुमच्या मित्राच्या मेसेजमध्ये श्रीवर्धन न लिहिताच आलेलं आहे. तुमच्या वाडीचं वाचून वाईट वाटलं, सुपारी परत उभी राहायला किती वर्षं जातात ते माहीत आहे.

अनुवादिनी

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ड्रेड स्कॉटचं टीममध्ये वाचून दाखवलं, जिने ते सांगितलं होतं तिनेच नंतर बसून त्या खटल्याबद्दल सगळं वाचून काढलं. वकीलसाहेबांच्या सांगण्यावरून निवेदकाचा भाग परत ऐकला, तिथे त्याने कुठेही स्कॉट-फ्री म्हटलेलं नाही, 'वेअर नेव्हर चार्ज्ड' म्हटलंय, तर तिथे 'त्यांच्यावर कधी गुन्हाच दाखल झाला नाही' असं ठेवतेय.

त्या बाईसाठी दोन पर्याय काढलेत. 'माझं घर गेलं, नोकरी गेली. त्यांच्या केसालाही धक्का लागला नाही.' किंवा 'घर गेलं, नोकरी गेली, आणि ते नामानिराळे.' दुसरं बसतं जागेत पण थोडं पुस्तकी वाटतंय का? रागावलेली बाई नामानिराळे म्हणेल?

सातारचे_मास्तर

नामानिराळा हा शब्द माझी आई रोज वापरायची, त्यामुळे पुस्तकी नाही, पण त्यात 'मी त्यात नव्हतोच' असा आव आणणं आहे. ह्या साहेबांनी आव आणला की नाही ह्याबद्दल बाई काही बोलत नाही, त्यांना काही झालं नाही एवढंच बोलते. केसाला धक्का चांगलं आहे, फक्त वाचायला वेळ लागेल. मी ह्या शब्दाच्या मुळाशी गेलो असतो, देणं कुणाचं आणि भरलं कुणी. आपल्याकडे त्याला भोगणं म्हणतात. 'घर गेलं, नोकरी गेली. भोगलं मी, सुटले ते.' दोन ओळीत बसतं आणि कुठल्याही गावातली बाई असंच बोलेल.

रानवाट

+१. भोगलं मी, सुटले ते. हेच ठेवा ताई, त्यात दोषी निर्दोष काहीच म्हणावं लागत नाही आणि आरोप पूर्ण होतो.

अनुवादिनी

मास्तर, फायनल केलं, चेकिंगवाल्यांनीही एका झटक्यात होकार दिला. फक्त शेवटचं एक, अर्ध्या तासाने एक सिनेटर म्हणतो 'वुई लेट देम ऑफ स्कॉट-फ्री', तिथेही सुटले हेच चालेल ना?

वकील_नाशिक

नको, तिथे कर्ता बदलला. बाईच्या वाक्यात ते सुटले, सिनेटरच्या वाक्यात 'आम्ही' सोडलं, म्हणजे तो सरकारची जबाबदारी घेतोय आणि ती मराठीत हरवता कामा नये. 'आम्ही त्यांना मोकळं सोडलं' लिहा, 'आम्ही' ठळक राहू द्या.